तारेपलीकडचा कारकून

गॅसचें सिलिंडर मागवावयाचें असो, आगगाडीची चौकशी करावयाची असो, किंवा इस्पितळांत डॉक्टरांची वेळ ठरवावयाची असो. टेलिफोन करावा, तों पलीकडून एक आवाज ऐकूं येतो. तो आवाज नम्र असतो, स्पष्ट असतो, आणि दिवसांतून कितीही वेळां फोन केला तरी त्याच्या नम्रतेंत तिळमात्र फरक पडत नाहीं. 'मराठीसाठीं एक दाबा' असें तो म्हणतो. एक दाबला कीं पुढचा प्रश्न येतो; त्याचें उत्तर दिलें कीं त्यापुढचा. घरांतील तरुण मुलगा हें सारें अर्ध्या मिनिटांत उरकून मोकळा होतो. त्याच घरांतील आजीबाई मात्र 'अहो, माझें जरा ऐकून घ्या' असें त्या आवाजाला विनवीत राहतात, आणि थोड्या वेळानें फोन आपोआप बंद होतो.

हा फोन बंद कोणी केला? यंत्रानें, असें वरवर पाहतां वाटतें. परंतु यंत्राला रागही येत नाहीं व कंटाळाही येत नाहीं. असा फोन बहुधा बंद होतो तो एवढ्याचसाठीं कीं, कोठल्या तरी शहरांत, टेबलापाशीं बसून कोणीतरी लिहिलेल्या प्रोग्रॅममध्यें एक ओळ लिहावयाची राहून गेलेली असते. ही ओळ कोणती, ती कोठें असावयास हवी होती, आणि जो मनुष्य फोनवर कधीं येतच नाहीं त्याच्या लिहिण्यावर फोनवरील संभाषण चालतें तरी कसें, हें समजून घेणें वाटतें तितकें अवघड नाहीं. मात्र त्यासाठीं प्रथम थोडें मागें जावयास हवें.

मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील पहिलीं टेलिफोन एक्स्चेंजें इ. स. १८८२ च्या जानेवारींत उघडलीं. त्या काळीं आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षें फोन उचलला कीं एक्स्चेंजमधील माणूस बोले. त्याला नंबर सांगावा, मग त्यानें दोऱ्या इकडून तिकडे खोंचून दोन घरें जोडून द्यावीं, असा क्रम असे. हें मधलें माणूस नाहींसें करण्याची कल्पना ज्याला सुचली तो कोणी वीजशास्त्रज्ञ नव्हता. अमेरिकेंतील कॅन्सस शहरीं अंत्यसंस्काराचा व्यवसाय करणारा तो एक गृहस्थ होता. त्याचें नांव आल्मन स्ट्रौजर. एक्स्चेंजवरील बाई आपलीं गिऱ्हाइकें प्रतिस्पर्ध्याकडे वळविते, असा त्याचा संशय होता, अशी आख्यायिका आहे. खरें-खोटें कांहींही असो. १८९१ मध्यें त्यास आपोआप जोडणी करणाऱ्या यंत्राचें पेटंट मिळालें आणि १८९२ मध्यें इंडियाना संस्थानांतील ला पोर्ट या गांवीं तसें एक्स्चेंज सुरूही झालें. हिंदुस्थानांत असें पहिलें एक्स्चेंज १९१३-१४ मध्यें शिमल्यास बसविण्यांत आलें.

पुढें टेलिफोनला गोल तबकडी आली. तबकडींत बोट घालून ती फिरवून सोडली म्हणजे परत येतांना ती तारेंतील प्रवाह ठराविक वेळां खंडित करी. तीन फिरविले तर तीनदां, शून्य फिरविलें तर दहादां. एक्स्चेंजमधील यंत्र हे खंड मोजी व जोडणी करी. पण येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावयास हवी. तबकडीची ही भाषा केवळ एक्स्चेंजला कळे. एकदां दोन घरें जोडलीं गेलीं, कीं पलीकडच्या माणसाला किंवा यंत्राला तबकडीचा कांहीं उपयोग नसे; त्याच्यापर्यंत फक्त आवाज पोंचे. तेव्हां पलीकडे यंत्र बसवून त्याच्याशीं आंकड्यांच्या भाषेंत बोलावयाचें, तर आंकडाच आवाज व्हावयास हवा होता.

तो १९६३ मध्यें झाला. त्या वर्षीं अमेरिकेंतील बेल कंपनीनें पेनसिल्व्हानियांतील दोन गांवांत कळा दाबावयाचे टेलिफोन ग्राहकांस दिले. या टेलिफोनमध्यें चार आडव्या ओळींना चार व तीन उभ्या ओळींना तीन, असे सात सूर वांटून दिलेले आहेत. कळ दाबली कीं तिच्या आडव्या ओळीचा व उभ्या ओळीचा, असे दोन सूर एकदम वाजतात. पांच दाबला तर सेकंदाला ७७० कंपनांचा एक व १३३६ कंपनांचा दुसरा. या संख्या अशा निवडल्या आहेत, कीं एकीची दुप्पट वा तिप्पट दुसरी होत नाहीं. त्यामुळें कोणी बोलत असतांना, हंसत असतांना, किंवा शेजारीं कोणी गात असतांना यंत्राची सहसा फसगत होत नाहीं. माणसाच्या गळ्यांतून असे दोन सूर नेमके एका वेळीं निघणें दुर्घटच. आजचा मोबाइल आंतून कितीही निराळा असला, तरी 'एक दाबा' म्हटल्यावर यंत्रापर्यंत जो निरोप पोंचतो त्याचें गणित अजून याच जोडसुरांचें आहे.

एवढी तयारी झाल्यावरही असें यंत्र बसविणें दीर्घकाळ मोठ्या बँका व विमान-कंपन्या यांनाच परवडे. त्यासाठीं स्वतंत्र तारा घ्याव्या लागत, महागडीं यंत्रें विकत घ्यावीं लागत, आणि त्यांत एक वाक्य बदलावयाचें झालें तरी यंत्र विकणाऱ्याकडे जावें लागे. १९९९ मध्यें मार्क स्पेन्सर या अमेरिकन तरुणानें 'ॲस्टेरिस्क' नांवाचा प्रोग्रॅम लिहून सर्वांस फुकट खुला केला. त्या योगें साधा संगणकही एक्स्चेंजचें काम करूं लागला. २००८ मध्यें 'ट्विलिओ' या कंपनीनें त्यापुढचें पाऊल टाकिलें. टेलिफोनच्या तारा, आवाज व सूर ओळखणें हें सारें आम्ही सांभाळूं, तुम्ही फक्त काय बोलावयाचें व काय करावयाचें एवढें सांगा, अशी कामाची वांटणी तिनें केली. आपल्याकडे एक्झोटेल, नॉलॅरिटी इत्यादि कंपन्या याच धंद्यांत आहेत. दवाखाने, शाळा, सहकारी संस्था यांच्या आवाक्यांत हें साधन आलें तें या वांटणीमुळें.

आतां ही वांटणी प्रत्यक्षांत कशी चालते तें पाहूं जातां, एक उदाहरण डोळ्यांपुढें ठेवणें बरें. समजा, पुण्यांतील एका नेत्ररुग्णालयास रुग्णांच्या वेळा ठरविण्यासाठीं अशी सोय करावयाची आहे. हें उदाहरण मुद्दाम घेतलें आहे. कारण येथें फोन करणारा बहुधा वयस्क असणार, आणि ज्याच्या कळा दाबावयाच्या तो टेलिफोनच त्याला नीट दिसत नसणार.

रुग्णालय एक क्रमांक घेतें. त्या क्रमांकाच्या नांवें कंपनीच्या वहींत एक पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता रुग्णालयाच्या सर्व्हरचा. सर्व्हर म्हणजे विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर देण्यासाठीं अहोरात्र जागा असणारा संगणक. मग तो रुग्णालयांत असो वा सातासमुद्रांपलीकडे. फोन वाजला कीं कंपनीचें यंत्र तो उचलतें, पण स्वतः कांहींच ठरवीत नाहीं. तें सर्व्हरकडे धांव घेतें व विचारतें: 'अमुक नंबराहून फोन आला आहे, या फोनची खूण अमुक; काय करूं?' सर्व्हर एक चिठ्ठी लिहून देतो. चिठ्ठी आटोपशीर असते, आणि तिच्यांतील आज्ञाही मोजक्याच असतात. ट्विलिओच्या पद्धतींत 'से' म्हणजे हें बोलून दाखव. 'प्ले' म्हणजे हा मुद्रित आवाज वाजव. 'गॅदर' म्हणजे कळा दाबल्या जातील त्या गोळा करून मला आणून दे. 'रेकॉर्ड' म्हणजे समोरच्याचें बोलणें मुद्रित कर. 'डायल' म्हणजे दुसऱ्या क्रमांकाशीं जोडून दे. 'हँगअप' म्हणजे फोन ठेव. यंत्र चिठ्ठी वाचतें, वरून खालीं एकेक आज्ञा पाळतें, आणि रुग्णानें दोन दाबले कीं पुन्हां सर्व्हरकडे जातें: 'त्यानें दोन दाबले, आतां काय करूं?' सर्व्हर दुसरी चिठ्ठी देतो. असें फोन संपेपर्यंत चालतें.

म्हणजे सारें संभाषण हा एक चिठ्ठ्यांचा व्यवहार आहे. आंतल्या खोलींत बसलेला कारकून गिऱ्हाइकाचें तोंड पाहत नाहीं, आवाज ऐकत नाहीं. पट्टेवाला जें कागदावर आणून देईल तेवढ्यावर तो निर्णय लिहितो. त्यांतही हा कारकून विलक्षण विसराळू आहे. चिठ्ठी देतांच तो मागचें सर्व विसरतो. 'त्यानें दोन दाबले' एवढेंच सांगितलें तर 'कोणी? कशाचे उत्तरीं?' हें त्यास ठाऊक नसतें. म्हणून प्रत्येक फोनला जी खूण दिलेली असते ती वहींत मांडून, त्या खुणेपुढें 'या रुग्णाला डॉक्टर निवडावयाचे आहेत, मंगळवार ठरला आहे' असें टिपून ठेवावें लागतें. नवशिक्या मनुष्य हें न करितां एकाच पाटीवर सर्वांचें लिहितो. एकटा फोन करून पाहतां सर्व सुरळीत चालतें. दोघांनीं एकाच वेळीं केला कीं एकाची वेळ दुसऱ्याच्या नांवें पडते.

या विसराळूपणाचा एक फायदा मात्र मोठा आहे. सर्व्हर कोणाचाही फोन धरून बसत नाहीं. दोन चिठ्ठ्यांच्या मध्यें रुग्ण वीस सेकंद विचार करो वा चाळीस, त्या वेळांत कारकून इतरांच्या चिठ्ठ्या लिहीत असतो. त्यामुळें एक साधासा संगणक शेंकडों लोकांचीं संभाषणें चालवूं शकतो.

आतां त्या राहून गेलेल्या ओळीकडे वळूं जातां येईल. 'गॅदर' या आज्ञेंत किती वेळ थांबावयाचें तें सांगतां येतें. कांहींच सांगितलें नाहीं तर ट्विलिओचें यंत्र पांच सेकंद थांबतें. पांच सेकंदांत कळ दाबली गेली नाहीं, तर यंत्र चिठ्ठींतील पुढच्या ओळीकडे वळतें. पुढें ओळच नसेल तर? चिठ्ठी संपली, काम संपलें, फोन बंद! आजीबाईंचा फोन बंद झाला तो असा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें 'एक दाबला तर', 'दोन दाबले तर', 'नऊ दाबले तर' या सर्वांचा विचार केला. 'कांहींच दाबलें नाहीं तर' याचा केला नाहीं. त्याच्या हातीं टेलिफोन असतो, त्याला प्रश्न पाठ असतात, त्याचें बोट कळेवर तयार असतें; पांच सेकंद म्हणजे त्याला युगासारखे वाटतात. ज्याला चष्मा शोधावयाचा आहे, कानाजवळचा फोन डोळ्यांसमोर आणून कळांचा पट उघडावयाचा आहे, आणि तेवढ्या वेळांत पुढचें बोलणें ऐकूंही येईनासें झालें आहे, त्याला ते पुरत नाहींत.

तेव्हां जाणता मनुष्य 'गॅदर' च्या खालीं आणखी ओळी लिहितो. पहिल्यांदां मौन आलें तर प्रश्न पुन्हां, पण निराळ्या शब्दांत व थोडक्यांत. दुसऱ्यांदां आलें तर 'थांबा, माणसाला जोडून देत आहों' असें सांगून 'डायल'. चुकीची कळ दाबली गेली तरी हेंच. सगळ्या यंत्रणेंत इतकी स्वस्त व इतकी उपयोगी दुसरी सुधारणा नसेल. प्रश्नाची रचनाही येथें महत्त्वाची असते. 'एक दाबा, नवीन रुग्ण असल्यास' असें म्हटलें कीं ऐकणाऱ्याला आधीं आंकडा लक्षांत ठेवावा लागतो व मग तो आपल्यासाठीं आहे कीं नाहीं तें ठरवावें लागतें. 'नवीन रुग्ण असल्यास एक दाबा' यांत काम आधीं कळतें व आंकडा कानांत ताजा राहतो. मराठी वाक्याची स्वाभाविक ठेवण अशीच आहे. इंग्रजीवरून भाषांतर करणारे तेवढे ती उलटी करून ठेवतात.

वेळेचें भान दुसऱ्याही बाजूनें ठेवावें लागतें. चिठ्ठी येण्यास ट्विलिओचें यंत्र फार तर पंधरा सेकंद थांबतें. पण पंधरा सेकंदांची शांतता फोनवर कोण सहन करील? तीन-चार सेकंद झाले कीं 'हॅलो, हॅलो' सुरू होतें. म्हणून ज्या कामास वेळ लागणार, उदाहरणार्थ, डॉक्टरांच्या वहींत मोकळी वेळ शोधणें, तें सर्व्हरनें मागल्या बाजूस लावून द्यावें आणि पुढें 'एक क्षण थांबा, वही पाहत आहों' अशी चिठ्ठी आधीं पाठवावी. आणखी असें कीं, जाळ्यांत व्यत्यय आला तर तीच विचारणा सर्व्हरकडे दोनदां येण्याचा संभव असतो. दोनदां विचारलें म्हणून दोन वेळा नोंदविल्या, तर एका रुग्णामागें दुसऱ्या गरजूची जागा अडते. फोनची खूण वहींत आधींच आहे कीं नाहीं हें पाहूनच नोंद करावी, हा त्यावर उपाय.

चिठ्ठी मागणारा खरोखर कंपनीचा पट्टेवाला आहे कीं कोणी तोतया, हेंही पाहावें लागतें; कारण सर्व्हरचा पत्ता जगांत कोणालाही ठोठावतां येतो. यासाठीं कंपनी व सर्व्हर यांच्यामध्यें एक गुप्त शब्द असतो, व त्या शब्दाच्या साह्यानें प्रत्येक विचारणेवर गणितानें काढलेली मोहोर उमटविलेली असते. मोहोर जुळली नाहीं तर उत्तर देऊं नये. फोन करणाऱ्याच्या नंबरावर मात्र ओळख म्हणून विसंबणें धोक्याचें. तो खोटा दाखवितां येतो. रुग्णाची माहिती केवळ नंबर पाहून वाचून दाखविणारा प्रोग्रॅम लिहूं नये.

येथपर्यंतचें सर्व कोणत्याही देशांत सारखेंच. परंतु यंत्राला मराठी बोलावयास लावतांच एक अडचण येते, ती इंग्रजी शिकून आलेल्यांच्या सहसा ध्यानांत येत नाहीं. यंत्राला आंकडे बोलून दाखवावयाचे असले म्हणजे मुद्रित तुकडे जोडण्याची रीत आहे. रेल्वे-स्थानकावरील घोषणा ऐकणाऱ्यांस ती परिचित आहे. इंग्रजींत शून्यापासून एकोणिसापर्यंतचे वीस शब्द व वीस, तीस, चाळीस इत्यादि आठ, असे अठ्ठावीस तुकडे मुद्रित केले कीं नव्व्याण्णवपर्यंतची कोणतीही संख्या जोडतां येते. मराठींत 'चाळीस' व 'पांच' जोडून 'पंचेचाळीस' होत नाहीं. त्रेपन्न, अडुसष्ट, एकोणऐंशी, प्रत्येकाचा घाट निराळा. शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत शंभरच्या शंभर शब्द स्वतंत्र मुद्रित करावे लागतात. वेळेचेंही तसेंच. 'साडेदहा', 'साडेअकरा' यांवरून ज्यानें नियम बसविला त्याचें यंत्र एके दिवशीं 'साडेएक' म्हणतें, आणि ऐकणारा हंसावें कीं गोंधळावें या विचारांत पडतो. दीड व अडीच हे अपवाद प्रोग्रॅममध्यें हातानें लिहावे लागतात.

तुकडे मुद्रित झाले तरी ते ऐकूं कसे येतात हा प्रश्न उरतोच. टेलिफोनच्या जुन्या व्यवस्थेंत सेकंदाला सुमारें ३०० ते ३४०० कंपनांमधला आवाजच पुढें जातो. त्याचे सेकंदाला ८,००० नमुने घेऊन ते आंकड्यांच्या रूपानें धाडतात. नव्या मोबाइलवर दोन माणसें बोलत असतां याहून रुंद पट्टा मिळतो, पण अशा यंत्रांकडे येणारा आवाज अजून बहुधा याच अरुंद दारांतून येतो. आतां 'स' या अक्षराचा जो सीत्कार असतो तो बराचसा या मर्यादेच्या वरचा. 'साठ' आणि 'आठ' या दोन शब्दांत फरक काय तो त्या एका सीत्काराचा, आणि टेलिफोन नेमका तोच कापतो! 'सात' आणि 'साठ' यांचीही तीच गत. ज्या रुग्णास टोकन क्रमांक साठ मिळाला तो आठाच्या वेळीं येऊन बसला, तर दोष त्याच्या कानांचा नव्हे. यास्तव महत्त्वाची संख्या दोन रीतींनीं सांगावी: 'साठ, सहा, शून्य.' रस्त्यावरून, एस. टी. च्या स्थानकावरून फोन करणाऱ्यास तर हें फारच उपयोगी पडतें.

कळा दाबण्याची कटकटच नको, माणसानें बोलावें व यंत्रानें समजावें, असें कोणालाही वाटेल. याची एक परीक्षा गुजरातेंत झालेली आहे. अहमदाबादच्या डेव्हलपमेंट सपोर्ट सेंटर या संस्थेचा शेतकऱ्यांसाठीं आकाशवाणीवर कार्यक्रम होत असे. तिच्या साहाय्यानें नील पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं 'आवाज ओटलो' नांवाची टेलिफोन-व्यवस्था उभारली. ओटलो म्हणजे आपला ओटा. शेतकऱ्यानें फोन करून आपला प्रश्न मुद्रित करावा, दुसऱ्यांचे प्रश्न व जाणत्यांचीं उत्तरें ऐकावीं, रेडिओवरील जुने कार्यक्रमही ऐकावे. उभारणीच्या वेळीं बोलून उत्तर देणें व कळ दाबून उत्तर देणें या दोन्ही रीतींची तुलना करण्यांत आली, आणि शिक्षण कमी असलेल्या शेतकऱ्यांनाही कळा दाबून काम अधिक चांगलें साधलें, असें २००९ मध्यें प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत आढळलें. पुढें सात महिने ५१ शेतकऱ्यांनीं ती व्यवस्था वापरली. त्यांत सर्वांत अधिक गर्दी प्रश्नोत्तरांच्या ओट्यावरच होती, आणि शेतीच्या प्रश्नांशेजारीं धंद्याचा सल्ला व करमणूक यांनींही तेथें आपण होऊन जागा मिळविली.

फोनला पैसे पडतात ही गोष्टही अशा व्यवस्थेंत विसरून चालत नाहीं. २०१० मध्यें छत्तीसगडांत पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांच्या पुढाकारानें 'सीजीनेट स्वर' सुरू झालें. तेथें आदिवासी भागांतील लोक आपल्या गांवची बातमी फोनवर सांगतात. ती तपासून झाली कीं इतरांस फोनवरच ऐकतां येते. गोंडी भाषेला रोजचें वर्तमानपत्र नाहीं. गडचिरोली व चंद्रपूर या आपल्या जिल्ह्यांतही ती बोलली जाते हें येथें आठवावें. ज्यास फोनचा खर्च परवडत नाहीं त्यानें काय करावें? तर फक्त 'मिस्ड कॉल' द्यावा. सर्व्हर तो फोन न उचलतां तोडतो, नंबर टिपून घेतो, आणि स्वतः उलट फोन करतो. आपल्याकडे गरिबीनें शोधून काढलेली ही युक्ति प्रोग्रॅममध्यें अवघ्या दोन आज्ञांची आहे: फोन नाकार, आणि त्या नंबरास फोन कर.

त्या गुजरातच्या परीक्षेनंतर बोलणें ओळखण्याची विद्या फार पुढें गेली आहे. आतां चिठ्ठ्यांच्या ऐवजीं आवाजाचा अखंड प्रवाहच सर्व्हरकडे वळवितां येतो, आणि मोठ्या भाषा-प्रतिमानांच्या साह्यानें यंत्र मराठींत बऱ्यापैकीं संभाषणही करतें. परंतु माणसें एकमेकांशीं बोलतांना प्रश्न व उत्तर यांच्यामध्यें सरासरी सेकंदाचा पांचवा हिस्साच जातो, असें निरनिराळ्या दहा भाषांच्या २००९ मधील अभ्यासांत दिसलें आहे. यंत्राला ऐकून, समजून, उत्तर जुळवून तें बोलावयास याहून अधिक वेळ लागतो. मग रुग्ण पुन्हां बोलूं लागतो, यंत्रही त्याच क्षणीं बोलूं लागतें, आणि दोघांचाही धागा तुटतो. मौनाचा प्रश्न येथेंही सुटलेला नाहीं. तो फक्त पांच सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आला आहे. शिवाय, कळ दाबण्यांत एक निश्चितता असते. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख रद्द करावयाची कीं कायम ठेवावयाची, हें यंत्राच्या अंदाजावर सोडण्यापेक्षां 'रद्द करण्यासाठीं नऊ दाबा' असें विचारून घेणें शहाणपणाचें.

दाबा म्हटल्यावर लोक दाबतात, या संवयीचा गैरफायदा घेणारेही आहेतच. 'तुमचा मोबाइल दोन तासांत बंद होणार आहे, अधिक माहितीसाठीं नऊ दाबा' असे खोटे फोन सरकारी खात्याच्या नांवानें येऊं लागले, तेव्हां दूरसंचार नियामक प्राधिकरणाला २०२४ मध्यें लोकांस सावध करावें लागलें. रुग्णालयाचा प्रोग्रॅम लिहिणाऱ्यानें यावरून एवढें घ्यावें, कीं आपण होऊन केलेल्या फोनवर रुग्णास कसलाही गुप्त आंकडा विचारूं नये. आणि बोलणें मुद्रित करावयाचें असेल तर तें आरंभींच सांगावें. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदाही संमति मागण्यास सांगतो.

राहतां राहिली माणसाची गोष्ट. असल्या व्यवस्था बसविणाऱ्या कित्येक संस्था माणसापर्यंत जाण्याचा मार्ग मुद्दाम लांबवितात; सातव्या प्रश्नानंतर, तोही कुजबुजत, सांगतात. यानें पगार वांचतो खरा. पण नेत्ररुग्णालयांत फोन करणाऱ्याच्या डोळ्यांत एखादे वेळीं नुकतीच जखम झालेली असते, दिसणें एकाएकीं कमी झालेलें असतें. तेथें तास महत्त्वाचा असतो. त्याला भाषा, शाखा, जुना-नवा रुग्ण असे चार दरवाजे ओलांडावयास लावणें हा हिशेब भलत्याच वहींत मांडलेला आहे. तांतडीचा मार्ग पहिल्याच वाक्यांत असावा, आणि शून्य ही कळ कोणत्याही पायरीवर दाबली तरी माणूस मिळावा. रात्रीं माणूस नसेल तर 'रेकॉर्ड' आहे. मात्र ती मुद्रिका सकाळीं कोण ऐकणार त्याचें नांव ठरलेलें असावें.

प्रोग्रॅम तयार झाला म्हणजे लिहिणारा तो आपल्या शांत खोलींतून तपासतो. ही तपासणी अपुरी होय. तो बाजारांतून करून पाहावा, रिक्षांत बसून करून पाहावा, आणि ज्यांना तो वापरावयाचा आहे अशा साठीच्या पुढील चार माणसांच्या हातीं कांहीं न समजावितां द्यावा. त्यानंतर रोजच्या नोंदी वाचाव्या. प्रत्येक फोन कोठें सुरू झाला, कोठें तुटला, हें सर्व्हरच्या वहींत सेकंदानिशीं लिहिलेलें असतें. एखाद्याच पायरीवर फोन वारंवार तुटत असल्याचें दिसलें, तर दोष बहुधा जोडणींत नसतो. त्या पायरीवरील वाक्य लांब असतें, किंवा आंकडा आधीं आलेला असतो. तें वाक्य अर्धें करावें, आंकडा शेवटीं न्यावा, आणि थांबण्याच्या पांच सेकंदांच्या जागीं दहा लिहावे. यासाठीं एक्स्चेंजमधील कांहींच हलवावें लागत नाहीं. सर्व्हरवरील तीन ओळी बदलल्या कीं पुढचाच फोन नव्या चिठ्ठीवर चालूं लागतो.